फोटोखालचं नाव

इतिहासात मला दहावीपर्यंत कधी साठच्या वर मार्क मिळाले नाहीत. त्यामुळे स्मरणिकेसाठी मी इतिहासावर लिहिते आहे हे पाहून आपल्या बाई हसतील.

जानेवारी 2012 मध्ये ऑफिसच्या बसमध्ये पेपर चाळताना होमाई व्यारावाला गेल्याची बातमी वाचली. भारतातल्या पहिल्या महिला छायापत्रकार. जन्म 1913 चा, नवसारीचा. वडील पारशी नाटक कंपनीत नट. शिक्षण मुंबईत, पुढे जे. जे. मध्ये. तेराव्या वर्षी माणेकशॉंशी ओळख झाली. त्यांना फोटोग्राफीचा नाद. होमाई कॅमेरा त्यांच्याकडूनच शिकल्या, पुढे लग्नही त्यांच्याशीच केलं. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आलेल्या सुरुवातीच्या फोटोंना एकेक रुपया मिळाला.

मी अडखळले ते पुढच्या ओळीवर. सुरुवातीला त्यांचे फोटो माणेकशॉंच्या नावाने छापून येत. अनोळखी मुलीचं नाव कोण छापणार!

नववीतली रायगडची सहल आठवते? तेव्हा रोप-वे नव्हता. महादरवाज्याच्या अलीकडे मराठीच्या बाईंची चप्पल तुटली. पायरीवर बसून त्या सेफ्टी पिनने पट्टा जोडत होत्या, दुसरी पिन दातात धरलेली. आपल्या वर्गातल्या एकाने मामाचा कॅमेरा आणला होता. दम लागला म्हणून त्याने तो माझ्या गळ्यात अडकवलेला. छत्तीसचा रोल, निम्मा संपलेला, एकेका फोटोचा हिशेब. मी कुणाला न विचारता बटण दाबलं. उरलेला गड मी त्या कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीतूनच पाहिला.

तो फोटो शाळेच्या वार्षिक अंकात आला, खाली त्याचं नाव. त्याने काही लबाडी केली नाही. कॅमेरा ज्याचा त्याचा फोटो, असं सगळ्यांनीच धरलं होतं. आणि मीही गप्प बसले. पहिल्या पगारातून मात्र कॅमेराच घेतला.

होमाई 1942 मध्ये दिल्लीला ब्रिटिश माहिती खात्यात रुजू झाल्या. साडी नेसून, कॅमेऱ्याचं ओझं घेऊन त्या सायकलवरून हिंडत. 1947 मध्ये लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा, गांधीजींची अंत्ययात्रा, माउंटबॅटन यांचं परत जाणं, सगळं त्यांनी टिपलं. स्वतःसाठी नाव घेतलं ‘डालडा 13’. जन्म 1913 चा, माणेकशॉंची भेट तेराव्या वर्षी, गाडीचा नंबर डीएलडी 13. तूप-डब्याच्या नावाने इतिहास नोंदवणारी दुसरी कोणी मला तरी माहीत नाही.

1970 मध्ये त्यांनी काम थांबवलं. नव्या फोटोग्राफरांचं वागणं त्यांना पटेना. त्यानंतर कॅमेरा हाती घेतलाच नाही. पद्मविभूषण मिळालं 2011 मध्ये. एवढा जीव लावलेली गोष्ट अशी खाली ठेवता येते, हे मला अजून पचत नाही. खरं तर बोलायला मी कोण? मुलगी झाल्यावर माझाही कॅमेरा चार वर्षं कपाटातच होता. त्या संध्याकाळी काढला तर मुंबईच्या दमट हवेने लेन्सला बुरशी आलेली. साफ करून घेतली, आणि तेव्हापासून रविवार सकाळ माझी असते.

बाईंचा तो फोटो जुन्या अंकातून स्कॅन करून संपादकांना दिला आहे. खाली माझं नाव टाका म्हटलं. आधी कॅमेरावाल्याला फोन केला, उगाच वाईट वाटायला नको. तो म्हणाला, “अगं, इतकी वर्षं मला वाटत होतं तो मीच काढलाय!”