पालकांची संमती : १८४३ च्या एका खटल्याचा बोध

मिशन शाळांचा इतिहास सांगताना आम्ही शाळांची संख्या, नामांकित विद्यार्थी व समाजसुधारणा यांचा गौरवाने उल्लेख करतो. त्या शाळांत मुले पाठविणाऱ्या आईबापांनी नेमकी कशास संमती दिली होती, हा प्रश्न मात्र आमच्या लेखनात क्वचितच येतो.

१८३९ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा पारशी पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. सप्टेंबर १८४३ मध्ये त्याच मिशनचे विद्यार्थी नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. ते जाणत्या वयाचे होते. निर्णय त्यांचा होता. पुढे निजामाच्या मुलखात जालन्याजवळ त्यांनी बेथेल वसविले. परंतु त्यांचा सुमारे १२ वर्षांचा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या आश्रयास राहिला. बापाने मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात दाद मागितली, आणि मुलगा बापाच्या स्वाधीन करण्यात आला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले व त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला.

शाळेत बायबल शिकविले जाते हे पालकांना ठाऊकच होते, असे उत्तर आमच्या बाजूने दिले जाते. ते खोटे नाही. परंतु गावात दुसरी शाळाच नसेल, तर ठाऊक असणे म्हणजे संमती नव्हे. १८८२ साली नेमलेल्या हंटर कमिशनने हे ओळखले. जेथे त्या दर्जाची एकच शाळा असेल, तेथे आपले मूल धर्मशिक्षणाच्या तासास न बसविण्याची मुभा पालकांस असावी, आणि त्यापायी शाळेचा अन्य कोणताही लाभ बुडू नये, अशी शिफारस त्याने केली. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद २८ (३) नुसार सरकारमान्य वा अनुदानित संस्थेत अज्ञान मुलास पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणात किंवा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. अनुच्छेद ३० ने आम्हांस शाळा चालविण्याचा हक्क दिला, तरी हे बंधन आम्हांसही लागू आहे.

या बंधनाने आमच्या साक्षीस अडथळा येतो, असे काहींना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. शुभवर्तमानातील बालकांना लोकांनी आपण होऊन प्रभूकडे आणले होते. प्रवेश-अर्जातील छापील ओळीखाली घेतलेला अंगठा ही संमती नव्हे. शाळेत काय शिकविले जाते ते पालकास त्याच्या भाषेत सांगावे, आणि 'नको' म्हणणाऱ्याच्या मुलावरही तितकीच माया करावी. एवढे झाले तर श्रीपतच्या खटल्यापासून आम्ही काही शिकलो असे म्हणता येईल.