जतन केलेल्या युद्धविमानांचे निकटदर्शन : विक्रांत, बोगमाळो आणि इतिहासवाचनाचा आनंद

प्रस्तावना

महाराष्ट्रात इतिहासप्रेमी माणूस म्हटला की डोळ्यांसमोर गड चढणारा माणूस येतो. तटाची जाडी हाताने अजमावणे, चोरदरवाजातून वाकून जाणे, टाक्यातील पाण्याची खोली विचारणे यात त्याला जो आनंद मिळतो, तो केवळ सहलीचा आनंद नसतो. ग्रंथात वाचलेले त्या जागी पडताळून पाहण्याचे समाधान त्यात असते. विसाव्या शतकातील युद्धांच्या अभ्यासकाला असे पडताळणीचे स्थळ कोणते? आकाशातील लढाईची कोणतीही खूण आकाशात उरत नाही. उरते ते विमान, आणि तेही कोणी जतन केले असेल तरच. म्हणूनच जुन्या युद्धविमानाजवळ तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या हौशी विमानप्रेमींच्या आनंदाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहणे आवश्यक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. युद्धविमानाच्या निकटदर्शनातून कोणत्या प्रकारचे ऐतिहासिक ज्ञान मिळते ते पाहणे.
२. मुंबई आणि गोवा येथील उदाहरणांच्या आधारे जतनाच्या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. यवतमाळसारख्या अंतर्गत भागातील जिल्ह्याच्या दृष्टीने या प्रश्नाचा विचार करणे.

निकटदर्शनातून काय कळते?

छायाचित्रात सर्व विमाने जवळपास सारख्याच आकाराची भासतात. प्रत्यक्षात मात्र पहिला धक्का बसतो तो आकाराचाच. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांशी झुंजलेले भारतीय वायुदलाचे ‘नॅट’ हे विमान अवघे पावणेनऊ मीटर लांब असून त्याच्या पंखांचा विस्तार सात मीटरांहूनही कमी आहे. ‘नॅट’ या शब्दाचा अर्थच चिलट. शेजारी उभे राहिले की हे नाव का पडले ते सांगावे लागत नाही. एवढे लहान विमान हवेत दिसणे किती कठीण असेल आणि त्याच्या वैमानिककक्षात माणूस किती आखडून बसत असेल, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात येतात. ग्रंथातील ‘चपळ विमान’ या शब्दांना तेव्हा कोठे वजन प्राप्त होते.

नौदलाच्या ‘सी हॉक’ विमानाचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याचे पंख मध्यातून वर दुमडता येतात आणि दुमडल्यावर विमानाची रुंदी मूळच्या सुमारे एक-तृतीयांश उरते. शेपटीखाली एक लोखंडी आकडा असतो. नौकेवर उतरताना तो डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो आणि विमान काही अंतरात थांबते. पंखांची बिजागरे आणि तो आकडा पाहणाऱ्याला एक गोष्ट आपोआप उमगते : या यंत्राची घडण आकाशाने जितकी ठरविली तितकीच नौकेवरील जागेच्या टंचाईने ठरविली. ‘अलिझे’ या फ्रेंच बनावटीच्या, पंख्याच्या विमानात तिघे जण बसत. त्याच्या पोटाखाली रडारचा घुमट असून तो खाली-वर करता येतो. पाणबुडीचा शोध हे त्याचे काम या एका अवयवावरून कळते.

तात्पर्य, जतन केलेले विमान हे एक दस्तऐवज आहे. हौशी माणूस रिव्हेटच्या ओळी, पथकाचे चिन्ह, क्रमांक, रंगाचे थर न्याहाळतो तेव्हा तो त्या दस्तऐवजाचे वाचनच करीत असतो. त्याचा आनंद हा वाचकाचा आनंद आहे.

विक्रांत : मिळालेले आणि गमावलेले संग्रहालय

या वाचनाची सर्वांत मोठी संधी महाराष्ट्राला मुंबईत लाभली होती. ब्रिटनमध्ये १९४५ मध्ये जलावतरण झालेली, परंतु अपूर्ण राहिलेली ‘हर्क्युलिस’ ही विमानवाहू नौका भारताने १९५७ मध्ये विकत घेतली. ४ मार्च १९६१ रोजी ती ‘विक्रांत’ या नावाने नौदलात दाखल झाली. डिसेंबर १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरातून तिच्यावरील सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव, कॉक्स बझार आदी ठिकाणांवर हल्ले चढविले आणि पूर्व पाकिस्तानची सागरी कोंडी केली. ३१ जानेवारी १९९७ रोजी नौका निवृत्त झाली.

त्यानंतर २००१ ते २०१२ या काळात विक्रांत मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून राहिली. ठराविक दिवसांपुरती का होईना, ती सर्वसामान्यांना पाहता येत असे. येथे सी हॉक, अलिझे यांसारखी विमाने त्यांच्या मूळ घरातच पाहावयास मिळत. सुमारे २१३ मीटर लांबीच्या डेकवर उभे राहिल्यावर एवढ्याशा पट्टीवर, तीही हलत्या, वैमानिक कसे उतरत असतील, हा प्रश्न शाळकरी मुलालाही पडत असे. विमान आणि नौका यांचे नाते समजावून देण्यास याहून उत्तम साधन देशात नव्हते.

तथापि नौकेच्या सांगाड्याची स्थिती खालावत गेली. तिचे कायमस्वरूपी संग्रहालय उभारण्यासाठी लागणारा निधी व भागीदार राज्य शासनास मिळू शकले नाहीत. सुरक्षिततेच्या कारणास्तव २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले. २०१४ च्या प्रारंभी सुमारे ६० कोटी रुपयांना नौकेचा लिलाव झाला. न्यायालयीन लढाही तिला वाचवू शकला नाही आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोडणी सुरू झाली. पुढे २०१६ मध्ये तिच्या धातूचा अंश वापरून बनविलेली मोटारसायकल बाजारात आली. ज्या नौकेवर विदर्भातील बहुसंख्य विद्यार्थी कधी पाऊल ठेवू शकले नाहीत, तिचा अंश असा गावोगावच्या रस्त्यांवर येऊन पोहोचला. धातू पोहोचला, इतिहास मात्र पोहोचला नाही.

बोगमाळो : उरलेला आधार

विक्रांतनंतर या विमानांच्या दर्शनासाठी अभ्यासकाला गोव्याकडे वळावे लागते. दाबोळी विमानतळानजीक बोगमाळो येथे १९९८ मध्ये नौदलाचे विमानसंग्रहालय सुरू झाले. सी हॉक, अलिझे, फायरफ्लाय, सीलँड, सी हॅरियर तसेच आधी एअर इंडिया, नंतर वायुदल आणि शेवटी नौदल अशी तिहेरी सेवा बजावलेले सुपर कॉन्स्टेलेशन हे विमान येथील प्रांगणात पाहावयास मिळते. स्थळही अर्थपूर्ण आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीच्या कारवाईत पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी याच दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्बफेक केली होती.

मात्र येथे सी हॉक जमिनीवर उभे आहे. पंख दुमडण्याचे कारण फलक वाचून समजून घ्यावे लागते. डेकवर ते नुसते पाहून समजत असे. विक्रांत मोडल्याने या विमानांचा संदर्भ तुटला. शिवाय समुद्रकाठच्या खाऱ्या व दमट हवेत उघड्यावर उभ्या असलेल्या धातूची झीज अटळ असते. जतन म्हणजे एकदा आणून ठेवणे नव्हे, तर अखंड देखभाल, हा विक्रांतचा धडा येथेही लागू पडतो.

फलकाचे महत्त्व

केवळ जवळून पाहणे पुरेसे नाही, हेही नमूद केले पाहिजे. सप्टेंबर १९६५ मध्ये एक भारतीय नॅट विमान पाकिस्तानातील पसरूर येथे उतरले व ताब्यात घेतले गेले. ते आज कराचीतील वायुदल संग्रहालयात आहे. दिल्लीच्या पालम येथील संग्रहालयात नॅट हे पराक्रमाचे प्रतीक, तर कराचीत तेच विजयचिन्ह. यंत्र एक, अर्थ दोन. विमान स्वतः खोटे बोलत नाही, परंतु त्याच्याविषयी काय सांगावयाचे हे फलक लिहिणारा ठरवितो. म्हणून हौशी माणसाच्या आनंदाला अभ्यासाची जोड हवी.

आपल्याकडे अनेक विमाने चौकात किंवा प्रवेशद्वाराशी चौथऱ्यावर चढविलेली असतात. तेथे विमान शोभेची वस्तू बनते. याउलट मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या उद्यानात ठेवलेल्या ‘मरुत’ विमानाजवळ शाळांच्या सहली जातात. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली भारतात घडलेले हे लढाऊ जेट विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले आणि १९७१ मध्ये पश्चिम सीमेवर लढले. स्वावलंबनाच्या त्या प्रयत्नाची कथा त्याच्या शेजारी उभे राहून सांगता येते.

यवतमाळच्या दृष्टीने

यवतमाळ जिल्ह्यातील विद्यार्थ्याला मुंबई, गोवा वा दिल्ली ही तिन्ही ठिकाणे दूरची आहेत. खर्चाचा विचार करता शेतकरी कुटुंबातील मुलाला ती आणखीच दूर पडतात. मात्र आज एक संधी समोर आहे. नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेले मिग-२१ हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी वायुदलाच्या सेवेतून निवृत्त झाले. निवृत्त विमाने संस्थांना प्रदर्शनासाठी देण्याची प्रथा वायुदलात पूर्वीपासून आहे आणि वायुदलाच्या अनुरक्षण कमांडचे मुख्यालय आपल्या शेजारच्या नागपुरातच आहे. विदर्भातील एखाद्या शिक्षणसंस्थेने असे विमान मागणे अशक्य कोटीतील नाही. मागण्यापूर्वी मात्र छप्पर, रंगकाम, माहितीफलक आणि दरवर्षीच्या देखभालीचा खर्च यांची तरतूद करावी लागेल. अन्यथा आणखी एक विमान चौथऱ्यावर गंजत राहील.

निष्कर्ष

१. युद्धविमानाच्या निकटदर्शनाचा आनंद हा इतिहासवाचनाचा एक प्रकार असून गडदर्शनाशी त्याचे जवळचे नाते आहे.
२. विमानाचा अर्थ त्याच्या संदर्भासह टिकतो. विक्रांतच्या मोडणीने तो संदर्भ हरपला.
३. देखभालीची कायम तरतूद नसलेले जतन हे केवळ लांबविलेले भंगार ठरते.

गडांचे दगड शतकानुशतके पावसात टिकले, म्हणून आपल्याला उशिरा जागे होण्याची सवय जडली. विमानाचा पातळ पत्रा तेवढा काळ वाट पाहणार नाही.