चिपाडाची वीज आणि तिचा वाटा

रेठरे बुद्रुकचा कृष्णा असो की साखराळ्याचा राजारामबापू, कारखान्याचं गणित एकच. टनभर ऊस गाळला की सुमारे 300 किलो चिपाड, म्हणजे बगॅस, उरतं. ते जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि तिथून बाहेर पडणाऱ्या वाफेवर रस आटवायचा. यालाच आज को-जन म्हणतात.

गंमत अशी, की जुने बॉयलर कमी दाबाचे आणि बरेच उधळे असायचे. हा आळस नव्हता, हिशेब होता. उरलेल्या चिपाडाला जागा लागते, आग लागायची भीती असते. आणि जादा वीज घेणार कोण?

2002 साली महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने बगॅसच्या विजेचा दर ठरवला आणि हिशेब फिरला. करार हातात आला तशी बँक ऐकून घेऊ लागली. मग 67 किलो दाबाचे, पुढे त्याहून मोठे बॉयलर आले.

भांडण उरलं वाट्याचं. 2012 साली रंगराजन समितीने उसासाठी 70 टक्के वाटा सुचवला तो साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमडच्या किमतीतला. चिपाड धरलं, चिपाडाची वीज नाही.