सॅक्सोफोनची जीभ

अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. वाद्य पितळेचे; पण आपल्या सनईप्रमाणे त्यालाही वाचा फुटते ती पत्तीमुळेच! बोरूसारख्या पोकळ गवताची ही पत्ती. उत्तम गवत दक्षिण फ्रान्समधल्या व्हार भागातले. १९४० साली फ्रान्स पडला नि अमेरिकेतल्या वादकांना ते मिळेनासे झाले. तेव्हा प्लॅस्टिकच्या पत्त्यांना भाव आला.

गवताची पत्ती ओलवावी लागते, लवकर थकते आणि दोन पत्त्या सारख्या निघत नाहीत. कृत्रिम पत्तीला हवेची तमा नाही. ती टिकतेही पुष्कळ. मग वरातीच्या उन्हात तीच बरी! तरीही हळुवार सुरासाठी अनेक वादक अजून गवताकडेच वळतात. थकणाऱ्या जिभेलाच गोडवा असतो, असे तर नसेल ना?