विषय कोण निवडतो?

मंडळी, बारावीचा निकाल लागला की घरोघर एकच प्रश्न फिरायला लागतो. आता पुढे काय? त्यावर सल्ला देणारे पुष्कळ आहेत, काही तर फी घेऊन देतात. मी आज सल्ला द्यायला उभा नाही. मला एवढंच पाहायचं आहे की ‘विषय निवडणे’ ही गोष्ट आपल्याकडे आली कशी, आणि निवडणारा खरोखर कोण होता.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. नमुना लंडन विद्यापीठाचा. १८६२ मध्ये पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यांनी विषय कोणता घेतला होता, असं आज कुणी विचारेल. पण तो प्रश्न त्या काळाला लागू पडत नाही. इंग्रजी, गणित, इतिहास, तर्कशास्त्र हे सगळं सगळ्यांनाच वाचावं लागे. आजच्या अर्थाने कुणाचा असा ‘विषय’ नव्हताच. ऐच्छिक विषय पुढे हळूहळू आले, आणि तेही पदवीच्या वरच्या टप्प्यावर. टिळक १८७६ साली गणित घेऊन पदवीधर झाले, १८७९ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली, आणि आपल्याला ते आठवतात ते या दोन्ही गोष्टींसाठी नव्हे.

मात्र एक निवड फार लवकर, शाळेतच करावी लागे. ती अभिजात भाषेची. संस्कृत की फारसी? (मराठी त्या रांगेत नव्हती. विद्यापीठाने तिला सुरुवातीच्या काही वर्षांतच बाहेर काढलं होतं, आणि तिला परत आत आणण्यासाठी रानड्यांना थेट अखेरपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत, झगडावं लागलं. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.) तर ही भाषेची निवड कागदावर सर्वांना खुली होती. प्रत्यक्षात कशी होती ते बघा.

भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली मॅट्रिक झाले. त्यांना संस्कृत शिकायचं होतं. पण अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायची शिक्षकांची तयारी नव्हती. मुलाने फारसी घेतली. आता शाळेच्या दप्तरात काय नोंद राहिली असेल? ‘दुसरी भाषा : फारसी’. बस्स, एवढंच. दप्तरापुरती ती त्याची निवड झाली. माझ्या विषयात अधिकार हा शब्द आम्ही फार वापरतो. ज्ञानाचा अधिकारी कोण, हा आपल्या शास्त्रांचा पहिल्या पानावरचा प्रश्न. विद्यापीठ आलं, परीक्षा आल्या, फी भरली की कुणीही बसू शकतो असे नियम आले, तरी तो जुना प्रश्न वर्गाच्या दारात तसाच उभा राहिला होता.

पुढे १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळून आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुदत तीन वर्षं, आणि शिक्षण झाल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायचा करार. म्हणजे पायात दोर बांधलेलाच होता. पण तिथे त्यांनी काय केलं? साठाच्या आसपास अभ्यासक्रम घेतले. जवळजवळ निम्मे अर्थशास्त्राचे, बाकी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, शिवाय थोडी फ्रेंच नि थोडी जर्मन. तत्त्वज्ञान शिकवायला जॉन ड्यूई होते. हे वाचून आपण म्हणतो, काय ही विद्वत्ता! ती होतीच. पण मला त्या यादीत विद्वत्तेबरोबर भूकही दिसते. ज्याला एकदा दारातून परत पाठवलं आहे तो माणूस उघडी दारं मोजून घेतो.

आणि बंद दाराचं काय झालं? १९४६ साली ‘शूद्र कोण होते?’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रस्तावनेत त्यांना एका आक्षेपाला आधीच उत्तर द्यावं लागलं आहे : ज्याला संस्कृतवर प्रभुत्व नाही त्याने या विषयावर बोलावं का? ते उणीव मान्य करतात, आणि म्हणतात की बहुतेक साहित्य इंग्रजीत उपलब्ध आहे, पंधरा वर्षं त्याचा अभ्यास केलेल्या माणसाला बोलायला तेवढं पुरे व्हावं. शाळकरी वयात एका शिक्षकाने दिलेला नकार चार दशकांनी प्रस्तावनेत येतो, आणि येतो तो लेखकाची उणीव म्हणून! नकार देणाऱ्याच्या खात्यावर काहीच जमा झालं नाही.

याच्या शेजारी दुसरं एक उदाहरण ठेवतो. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म गोव्याचा, १९०७. वडील धर्मानंद हे पालीचे पंडित, त्यांच्याबरोबर लहानपणीच अमेरिकेला गेले आणि हार्वर्डमधून १९२९ साली पदवीधर झाले. हार्वर्डला निवडीचा मोठा इतिहास आहे. चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षं तिथे अध्यक्ष होते, आणि त्यांनी विद्यार्थ्याला हवे ते विषय घेऊ द्यायची पद्धत रुजवली. ती इतकी सैल झाली की त्यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांना लगाम घालावा लागला : एका विषयात खोल जा, बाकीचे थोडे थोडे घ्या. कोसंबी शिकले ते या लगामाच्या काळात. बर्कहॉफसारखा मोठा गणिती त्यांना सांगत होता की गणितावर लक्ष केंद्रित कर. यांनी ऐकलं नाही. चार ठिकाणी हात घातले.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. उपजीविका गणितावर, फर्ग्युसनमध्ये आणि नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. आणि त्याच गणिताने त्यांनी हजारो प्राचीन नाणी तोलली, झिजेवरून काळ काढला, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली, १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरचा तो गाजलेला ग्रंथ लिहिला. संस्कृतची पदवी त्यांच्याकडेही नव्हती.

पालकसभांमधून कोसंबींचं नाव ‘आवडेल ते शिका’ याचा पुरावा म्हणून घेतलेलं मी ऐकलं आहे. तो पुरावा अर्धाच आहे. ज्या मुलाच्या घरात पालीचे ग्रंथ आहेत, वडीलच विद्यापीठात आहेत, त्याला विद्यापीठाने काय शिकवलं नाही हे फारसं अडत नाही. राहिलेलं तो घरून उचलतो. आंबेडकरांना राहिलेलं उचलायला घर नव्हतं, तेव्हा ते स्वतः ग्रंथ जमवत गेले.

आता आपल्या ‘साइडी’. विषयांची उतरंड काही आपण शोधलेली नाही. कांटने १७९८ साली विद्याशाखांच्या भांडणावर पुस्तक लिहिलं. वरच्या तीन शाखा म्हणजे ईश्वरविद्या, कायदा आणि वैद्यक, आणि खालची तत्त्वज्ञानाची. आमची! वरच्या तीन वर का? तर लोकांना मोक्ष, मालमत्ता आणि शरीर यांची काळजी असते, नि म्हणून सरकारचंही त्यांच्यावर लक्ष असतं. आपल्याकडे मोक्ष गळला आणि इंजिनिअरिंग आलं, एवढाच फरक.

माझ्या पिढीत अकरावीला एसएससी, मग एफवाय आर्ट्स किंवा सायन्स, मग इंटर. १९७० च्या दशकात दहा-अधिक-दोनची पद्धत आली आणि साइड ठरवायचा प्रसंग दहावीवर, पंधराव्या वर्षावर, आला. आता २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने मुख्य विषयाबरोबर गौण विषय घ्यायची सोय केली आहे. गणिताला संगीताची जोड, रसायनाला इतिहासाची. कागदावर ही सोय मला आवडते. पण कागदावर १९०७ लाही सोय होती.

तेव्हा समोर बसलेल्या मुलामुलींना एक व्यावहारिक गोष्ट सांगतो, मग प्रश्न घेऊ. कॉलेजचं माहितीपत्रक हातात आलं की विषयांची यादी वाचू नका. ऑफिसात जा आणि विचारा, या विषयाला शिकवणारा माणूस नेमलेला आहे का, की जागा रिकामी आहे? तासिका तत्त्वावर असेल तर आठवड्याला किती तास होतात? गेल्या वर्षी या जोडीला किती मुलं बसली, आणि दोन्ही विषयांचे तास वेळापत्रकात एकाच वेळी तर येत नाहीत ना? काउंटरवरचा माणूस वैतागेल. वैतागू द्या. वेळापत्रक दाखवा म्हणावं.