बाळ जन्मताच रडलं नाही तर? ‘कूलिंग थेरपी’ म्हणजे नेमकं काय, जाणून घ्या

बाळंतपण अडलं, नाळ दबली किंवा वार वेळेआधी सुटली, तर बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो. असं बाळ जन्मल्यावर रडत नाही, अंग सैल टाकतं, दूध ओढत नाही, काहींना झटके येतात. या आजाराला डॉक्टर थोडक्यात ‘एचआयई’ म्हणतात. मोठ्या दवाखान्यात गेल्यावर अशा बाळासाठी ‘कूलिंग’ हा शब्द कानावर पडतो.

उपचार कसा करतात?

प्राणवायू तुटल्यावर मेंदूचं नुकसान दोन टप्प्यांत होतं. पहिला फटका लगेच बसतो, दुसरा काही तासांनी. मधल्या वेळेत बाळाचं अंग थंड ठेवलं तर मेंदूचं काम मंदावतं आणि दुसरा फटका कमी बसतो. त्यासाठी बाळाला खास गादीवर ठेवून शरीराचं तापमान 33 ते 34 अंश सेल्सिअसवर आणतात. 72 तास ते तिथंच राखतात, मग तासाला साधारण अर्धा अंश या हिशोबाने हळूहळू वाढवतात. श्वास, हृदयाचे ठोके, रक्ताच्या तपासण्या यांवर सतत नजर लागते.

कोणाला देतात?

साधारण 36 आठवडे पूर्ण झालेल्या आणि मध्यम किंवा गंभीर त्रास असलेल्या बाळांना. उपचार जन्मापासून 6 तासांच्या आत सुरू व्हावा लागतो.

फायदा होतोच का?

श्रीमंत देशांतल्या अभ्यासांत दर सात बाळांमागे साधारण एकाचा मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व टळलं. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या 408 बाळांवरचा ‘हेलिक्स’ अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात उलटं दिसलं. थंड ठेवलेल्या बाळांपैकी 42 टक्के दगावली, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 31 टक्के. म्हणून आपल्याकडे हा उपचार सरसकट देता येत नाही. डॉक्टरांनी ‘नको’ म्हटलं तर ती हयगय समजू नये. पण कारण जरूर विचारावं.

घरी हे अजिबात करू नका

ओलं फडकं, पंखा, बर्फ यांनी बाळ थंड करणं जिवावर बेतू शकतं. थंडी नवजात बाळाला लवकर मारते. वाटेत बाळ कोरडं, गुंडाळलेलं आणि डोक्याला टोपी घातलेलं असावं. तोंडात मध, पाणी, गुटी घालू नये.

घरच्यांनी काय करावं?

– बाळंतपण दवाखान्यातच करावं. न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात पिशवी-मास्कने श्वास देता आला, तर पुढचं बरंच टळतं.
– कळा लांबल्या, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन लावावा.
– बाळाला जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात पाठवताना चिठ्ठीवर जन्माची वेळ, बाळ कधी रडलं आणि काय उपचार दिले, हे लिहून घ्यावं. सहा तासांचा हिशोब त्यावरूनच होतो.
– जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि ने-आण मोफत आहे. आशाताईंना विचारावं.

बाळ घरी आलं तरी तपासण्या सोडू नयेत. मान धरणं, बसणं, ऐकणं, बघणं यांत उशीर वाटला तर लगेच दाखवावं. व्यायामोपचार जितका लवकर सुरू होईल, तितका चांगला.