आजारपणात कामावरून काढलं तर? राजीनाम्यावर सही करण्याआधी हे वाचा

गावाकडची कितीतरी पोरं आज चाकण, रांजणगाव, वाळूज, सिन्नर, बुटीबोरी अशा एमआयडीसीत कामाला आहेत. घरी दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन, त्यामुळे घर चालतं ते महिन्याच्या पगारावर. अशा घरातल्या कमावत्या माणसाला टीबी निघाला, किडनी खराब झाली, कॅन्सर झाला किंवा लकवा मारला की संकट एकटं येत नाही. दवाखाना सुरू होतो आणि दोन-तीन महिन्यांत कंपनीतून फोन येतो, ‘आता येऊ नको.’

पण ‘आजारी आहे म्हणून काढलं’ असं कागदावर सहसा कुणी लिहून देत नाही. कागदावर येतं ते ‘न कळवता गैरहजर’ किंवा ‘स्वखुशीने राजीनामा’. पुढचं सगळं भांडण या दोन शब्दांवर होतं. कामगाराच्या हातात उलटा पुरावा असेल तर त्याची बाजू टिकते, नसेल तर खरं असूनही सिद्ध करताना दमछाक होते.

आजारी माणसाला काढता येतच नाही का?

तसं नाही. माणूस खूप काळ कामच करू शकत नसेल तर कंपनीने त्याला कायम ठेवलंच पाहिजे असा सरसकट नियम खासगी नोकरीत नाही. पण काढायचं तर रीत आहे. नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकावं लागतं, हिशोब चुकता करावा लागतो. काही आजारांत आणि काही नोकऱ्यांत तर काढायला मनाईच केलेली आहे. ‘उद्यापासून येऊ नको’ हे तोंडी सांगणं म्हणजे कायदेशीर काढणं नव्हे.

राजीनामा मागितला तर

‘राजीनामा दे, पुढचा हिशोब लवकर करतो’, ‘बरा झालास की परत घेऊ’ असं गोड बोलून सही घेतली जाते. सही केली की कागदावर नोकरी तुम्ही स्वतः सोडली. मग ‘मला काढलं’ असं म्हणायला जागा राहत नाही.

म्हणून कोऱ्या कागदावर, इंग्रजीत टाइप केलेल्या आणि न वाचलेल्या कागदावर सही करू नका. ‘घरी दाखवून उद्या देतो’ एवढं म्हणा. दबाव टाकून सही घेतलीच असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ‘राजीनामा माझ्या मर्जीने दिलेला नाही, तो मी मागे घेत आहे’ असं लेखी पत्र कंपनीला पाठवा. महिनाभराने पाठवलेल्या पत्राला तेवढं वजन राहत नाही.

गैरहजेरीचा डाग लागू देऊ नका

आपल्याकडे नेमकं इथंच चुकतं. माणूस ॲडमिट होतो, घरचे धावपळीत असतात आणि कंपनीला कळवतं कोण? तर सोबतचा एखादा पोरगा सुपरवायझरला तोंडी सांगतो. पुढे सुपरवायझर बदलतो आणि रेकॉर्डला नुसती गैरहजेरी राहते.

आजार कळला की दोन-तीन दिवसांत लेखी कळवा. भाषा साधी चालते:

‘मी (नाव, टोकन नंबर) दिनांक … पासून आजारी असून … येथे उपचार घेत आहे. डॉक्टरांनी … पर्यंत विश्रांती सांगितली आहे. सर्टिफिकेट सोबत जोडले आहे. कृपया आजारपणाची रजा मंजूर करावी.’

पत्र हाताने दिलं तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पोहोच जपा. सोबत व्हॉट्सॲप किंवा ई-मेलही टाका. रजा वाढली की नवं सर्टिफिकेट, नवं पत्र. मध्ये खंड पडू देऊ नका.

बरं वाटल्यावर फिटनेस सर्टिफिकेट घेऊन गेलात आणि गेटवरून परत पाठवलं, तर घरी येऊन गप्प बसू नका. ‘आज अमुक वाजता कामावर हजर झालो होतो, मला आत घेतले नाही’ असं पत्र त्याच दिवशी पाठवा. तुम्ही काम सोडलेलं नाही, याचा हाच पुरावा.

गैरहजेरीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा एक निकाल महत्त्वाचा आहे. आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिला म्हणून एका कामगाराचं नाव स्थायी आदेशाचा आधार घेऊन पटावरून आपोआप काढलं होतं. चौकशी न करता, त्याचं म्हणणं न ऐकता असं काढणं चूक आहे असं सांगत न्यायालयाने त्याला परत कामावर घ्यायला लावलं आणि मधल्या काळाचा ५० टक्के पगारही द्यायला लावला.

ईएसआय कापला जातो का? पगारपत्रक बघा

ज्यांचा पगार महिन्याला २१ हजारांपर्यंत आहे (दिव्यांगांसाठी २५ हजारांपर्यंत) आणि जिथे १० किंवा जास्त माणसं काम करतात, तिथे ईएसआय लागू होतो. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, कंपनी ३.२५ टक्के भरते. पैसे कापले जातात पण त्याचा उपयोग काय हे अनेकांना माहीत नसतं. आजारपणात त्याचे दोन मोठे उपयोग आहेत.

पहिला पैशाचा. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. रोज ५०० रुपये पडत असतील तर दिवसाला ३५० रुपये. टीबी, कुष्ठरोग, कॅन्सर, किडनी निकामी होणं, लकवा, गंभीर मानसिक आजार अशा ३४ लांबणाऱ्या आजारांत ९१ दिवसांनंतरही ८० टक्क्यांनी मदत चालू राहते. म्हणजे त्याच हिशोबाने दिवसाला ४०० रुपये. ही मदत दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते. तिच्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि आधीच्या चार वर्गणी काळांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते.

दुसरा उपयोग नोकरी वाचवण्याचा. ईएसआयच्या १९४८ च्या कायद्यातच कलम ७३ घालून, आजारपणाचा लाभ सुरू असताना किंवा दाखला असलेल्या आजारामुळे गैरहजर असताना कामगाराला काढायला, शिक्षा करायला मनाई केली गेली. हे संरक्षण कायमचं नव्हतं, आजार फार लांबला तर सुटीची तरतूद होती. पण ज्या काळात माणूस अंथरुणावर असतो त्या काळासाठीची ही ढाल होती.

अट एकच, सर्टिफिकेट ईएसआयच्या दवाखान्यातून किंवा त्यांनी मान्य केलेल्या डॉक्टरकडून आलेलं पाहिजे. गावातल्या खासगी डॉक्टरकडे महिनाभर इलाज केला आणि ईएसआयला कळवलंच नाही, तर लाभ अडकतो. बाहेर ॲडमिट व्हायची वेळ आली तरी ईएसआयच्या शाखेत लगेच कळवा.

ठेकेदाराकडे असाल तर

‘तू आमचा नाहीस, ठेकेदाराचा आहेस’ हे उत्तर ठरलेलं. पण ठेकेदाराने ईएसआय भरला नाही तर तो भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवरही येते. म्हणून गेटपास, हजेरी कार्ड, पगार जमा झाल्याची बँकेची नोंद जपून ठेवा. ठेकेदार बदलला तरी काम त्याच कंपनीत होतं हे त्यातून दिसतं.

एसटी, झेडपी, सरकारी नोकरीत नियम वेगळा

सरकारी आस्थापनेत नोकरी करताना दिव्यांगत्व आलं तर त्या कारणासाठी कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि पदही खाली आणता येत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २० मध्ये हे आहे. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. तशी जागाच नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व येतं. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, बरा झालेला कुष्ठरोग, मानसिक आजार हेही आहेत. पण त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं, नुसती दवाखान्याची फाइल पुरत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये तेलंगणातल्या एसटीच्या एका ड्रायव्हरचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. रंगांधळेपणामुळे त्याला मेडिकलवर घरी बसवलं होतं. दुसरं काम देता येतं का हे महामंडळाने नीट तपासलंच नाही, असं म्हणत न्यायालयाने त्याला योग्य पदावर परत घ्यायला सांगितलं.

एचआयव्ही आणि टीबी

एचआयव्ही आहे एवढ्या कारणावरून काढायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि खासगी मालकालाही बांधील आहे. त्याच्या वीस वर्षं आधी, १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हेच तत्त्व सांगितलं होतं. एका सरकारी कंपनीने रोजंदारी कामगाराला एचआयव्हीमुळे काम नाकारलं होतं. माणूस काम करायला सक्षम असेल आणि दुसऱ्यांना धोका नसेल तर काम नाकारता येणार नाही, असा तो निकाल.

टीबीबद्दल अजून भीती जास्त आणि माहिती कमी. साध्या टीबीचं औषध सहसा सहा महिने चालतं, पण ते नियमित सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच बहुतेक रुग्णांकडून लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. म्हणजे टीबी झाला की नोकरी सोडायचीच असं काही नाही. डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या. उपचार सुरू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला एक हजार रुपये खात्यावर येतात, त्यासाठी निक्षयवर नोंद हवी.

काढलंच, तर कोणते पैसे सोडायचे नाहीत?

ग्रॅच्युइटी: पाच वर्षं झाल्याशिवाय ग्रॅच्युइटी नाही हे सगळ्यांना पाठ आहे. पण अपघाताने किंवा आजाराने माणूस पूर्वीचं काम करण्यालायक राहिला नाही आणि त्यामुळे नोकरी संपली, तर पाच वर्षांची अट लागत नाही. हिशोब असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये असेल तर त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं. एका वर्षाचे ९ हजार होतात. तीन वर्षं नोकरी झाली असेल तर २७ हजार. त्याच माणसाने तीन वर्षांनी साधा राजीनामा दिला तर यातलं काहीच पदरात पडत नाही. म्हणून आजाराने सोडायचीच वेळ आली, तर ‘घरगुती कारणाने’ असं लिहू नका. खरं कारण लिहा आणि डॉक्टरांचा दाखला जोडा.

पीएफची पेन्शन: नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षांची अट न लावता पेन्शन मिळते. एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालतं. त्यासाठी मेडिकल बोर्डाची तपासणी होते. पीएफ काढून देणारा एजंट घाईने फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे उचलायला लावतो. त्याआधी पीएफ कार्यालयात विचारा.

याशिवाय राहिलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि अनुभवाचा दाखला लेखी मागा. घरात दुसरं उत्पन्नच नसेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करा. टीबी, कॅन्सर, कुष्ठरोग, एड्स असे आजार त्यात येतात, मात्र कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा फार कमी आहे.

दाद कुठे मागायची?

युनियन नसली तरी एकटा कामगार जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज देऊ शकतो. तिथे आधी दोघांना बोलावून तडजोडीचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर पुढे कोर्ट. वाट बघत बसू नका. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार ९० दिवसांत करावी लागते. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणता म्हणता हे दिवस निघून जातात.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. फोनवर माहिती हवी असेल तर १५१०० हा नंबर आहे.

आणखी एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यामुळे कायद्यांची नावं आणि कलमांचे आकडे बदलले आहेत. अर्जात कलम नंबर लिहायच्या भानगडीत पडू नका. तारीखवार हकीकत लिहा, कलम कोणतं ते कार्यालयात किंवा वकिलाला विचारा.

घरात एका पिशवीत हे ठेवा

- नेमणूक पत्र, ओळखपत्र, गेटपास
- गेल्या वर्षभराची पगारपत्रकं आणि बँक पासबुक
- ईएसआय नंबर आणि पीएफचा यूएएन नंबर
- सगळी मेडिकल सर्टिफिकेटं, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट
- कंपनीला दिलेल्या प्रत्येक पत्राची पोहोच
- कंपनीकडून आलेली नोटीस, मेसेज, ई-मेल

सातबारा आणि पीक विम्याची पावती आपण जशी जपतो तशीच ही पिशवी जपायची. ती कुठे ठेवली आहे हे घरातल्या बायकामाणसांनाही माहीत पाहिजे. कारण माणूस आयसीयूत असतो तेव्हा कंपनीला पत्र त्यांनाच पाठवावं लागतं.